थंडी गेली की थंडीचे वेळापत्रक बदलले? परभणीचा हिवाळा आणि आपली रब्बी पिके

(सेलू तालुक्यातील एका गावी शेतकरी मंडळाच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाने मला "रब्बी पिके आणि हवामान" हा विषय दिला आहे. हवामान म्हटले की आपल्याकडे बोलणे पावसावरच जाते, आणि ते साहजिकही आहे. परंतु रब्बीत पाऊस आपले काम करून निघून गेलेला असतो. गहू, हरभरा, ज्वारी या पिकांचे पुढचे भवितव्य थंडी ठरविते. म्हणून आज मी फक्त थंडीबद्दल बोलणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

२०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात अशाच एका गावात मी बोललो होतो. पदव्युत्तर शिक्षण संपवून नोकरीला लागल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, पुस्तकातील आकडे ताजे होते. मी सांगितले, की पृथ्वीचे तापमान वाढत आहे, आपल्या देशातील हिवाळे सौम्य होत आहेत, तेव्हा यापुढे थंडीची फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. त्या बैठकीत एका काकांनी ऑक्टोबरात लावलेल्या केळीच्या रोपांबद्दल विचारले. त्यांनाही मी हेच उत्तर दिले. पुढे २९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. त्यापूर्वीची नीचांकी नोंद १७ जानेवारी २००३ ची, २.८ अंशांची होती. ती नोंद मोडली. चार-पाच दिवसांनी काकांचा फोन आला. "सर, तुम्ही तर म्हणले होते थंडी हटली म्हणून. आता येऊन बघा एकदा." मी गेलो. बाग नाल्याकाठच्या खोलगट रानात होती. कोवळी पाने पिवळी पडून करपली होती आणि बऱ्याच रोपांचा पोंगा अडकला होता. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. चहा पाजला. त्यामुळे अधिकच वाईट वाटले.

मी सांगितलेला आकडा चुकीचा नव्हता, त्यावरून काढलेला सल्ला चुकीचा होता. या दोहोंतील फरक समजून घेणे हेच आजच्या व्याख्यानाचे काम आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० सालचा अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे तापमान १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत सुमारे ०.४ अंशाने वाढले. म्हणजे हिवाळा उबदार होत आहे ही गोष्ट खरी आहे. तीत वाद नाही.

आता दुसरी बाजू पाहा. परभणीत डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमान सरासरीने १२-१३ अंशांच्या आसपास असते. ढगाळ हवा आली तर ते १८ अंशांवर जाते, उत्तरेचे कोरडे वारे आले तर ५ अंशांवर येते, आणि हा फरक कधी कधी आठवड्याभरात घडतो. तीस वर्षांत अर्ध्या अंशाहून कमी वाढ, आणि आठवड्याभरात दहा-बारा अंशांचा चढउतार! पीक सरासरीवर जगत नाही, त्याला त्या एका रात्रीला तोंड द्यावे लागते. माझ्या भाषणात सरासरी होती, काकांच्या बागेत ती रात्र होती.

२०२४-२५ चा हिवाळा तर या दृष्टीने शाळेत शिकवावा असा आहे. डिसेंबर २०२४ च्या मध्यास परभणीत पारा ५ अंशांच्या खाली गेला, लोकांनी शेकोट्या पेटविल्या. त्यानंतरचा फेब्रुवारी २०२५ मात्र १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. एकाच हंगामात, एकाच गव्हाने दोन्ही सोसले. त्याआधी मार्च २०२२ हा कमाल तापमानाच्या दृष्टीने सव्वाशे वर्षांतील सर्वांत उष्ण मार्च होता, उत्तर भारतातील गव्हाचे दाणे त्यात आकसले आणि १३ मे २०२२ रोजी शासनाला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. फेब्रुवारी २०२३ नेही दिवसाच्या तापमानाचा तोपर्यंतचा उच्चांक गाठला होता.

यावरून माझे मत असे बनले आहे, की आपल्याकडे थंडी नाहीशी झालेली नाही, तिचा सलगपणा गेला आहे. ती तुटक येते, आणि फेब्रुवारीत हात आखडता घेते. शेतकऱ्याला खरा तोटा होतो तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

ही थंडी येते कोठून?

आपल्याकडे बर्फ पडत नाही. तरी आपल्या थंडीचा हिमालयातील बर्फाशी संबंध आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडे सरकत येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्यांच्यामुळे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडतो आणि पंजाब-हरियाणात पाऊस होतो. असा एखादा विक्षोभ पुढे निघून गेला, की त्याच्या मागे उत्तरेची थंड व कोरडी हवा मैदानात उतरते, मध्य प्रदेश व विदर्भ ओलांडून आपल्यापर्यंत पोचते. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवितो, म्हणून बर्फाच्छादित प्रदेशावरची हवा तापत नाही. ते उत्तरेकडील थंडीचे कोठारच म्हणावे लागेल.

हे कोठार अलीकडे लवकर रिकामे होत आहे. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास केंद्राने उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या नोंदींनुसार, नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या हंगामात हिंदुकुश-हिमालय भागात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. तोपर्यंतच्या २३ वर्षांतील ते सर्वांत कमी प्रमाण होते, आणि सरासरीपेक्षा कमी बर्फाचे ते लागोपाठ तिसरे वर्ष होते.

आता चाणाक्ष शेतकरी विचारील, की त्याच हिवाळ्यात बर्फ इतका कमी होता तर परभणीत पारा ५ अंशांच्या खाली कसा गेला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की उत्तरेची हवा इथे येईपर्यंत बरीच तापलेली असते. तिने आणलेली खरी गोष्ट म्हणजे कोरडेपणा. उरलेली थंडी आपल्याच रानात तयार होते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असते. आकाशात ढग असले किंवा हवेत बाष्प असले, तर ती उष्णता अडते. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की गोधडी निघते आणि पहाटेपर्यंत जमीन गार पडते. परभणी समुद्रापासून दूर, पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. येथे हे सर्व जुळून येते. याउलट डिसेंबरात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ झाले, की आपल्याकडे ढग येतात, किमान तापमान चढते, आणि हरभऱ्यावर घाटेअळी व ज्वारीवर मावा दिसू लागतो.

२०१८ च्या त्या पहाटे अनेकांनी गवतावरचे दव गोठलेले पाहिले. "पारा दोन अंश होता, तर पाणी कसे गोठले?" असे मला पुष्कळांनी विचारले. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, लाकडी पेटीत असतो. गार हवा जड असते, ती खाली बसते. निरभ्र रात्री गवताच्या पात्याजवळचे तापमान पेटीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी कमी असू शकते. तुमचा हरभरा गुडघ्याएवढाही नसतो. त्याच्यासाठी बातमीतील आकडा नेहमीच थोडा सौम्य असतो, आणि खोलगट रानात तर अधिकच, कारण उंचावरची गार हवा ओघळून तिथेच साचते. काकांची बाग अशाच जागी होती. माळावरच्या बागेत त्या रात्री इतके नुकसान नव्हते.

(वर्तमानपत्रात एकाच दिवशी परभणीचे दोन वेगळे आकडे दिसतात त्याचेही गोंधळून जाऊ नये. एक विद्यापीठाच्या वेधशाळेचा असतो, दुसरा भारतीय हवामान खात्याच्या केंद्राचा. जागा वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे.)

पाडव्याचा मुहूर्त आणि गव्हाची पेरणी

आता कामाच्या गोष्टीकडे वळू. "पूर्वी दिवाळीच्या अंघोळीला दात वाजायचे, आता पंखा लावावा लागतो" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकतो. माझे वडीलही हेच म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण सगळे तथ्य नाही. दिवाळी चंद्राच्या तिथीवर येते, थंडी सूर्यावर चालते. २०२२ साली दिवाळीचा पाडवा २६ ऑक्टोबरला आला, २०२३ साली १४ नोव्हेंबरला. मध्ये एकोणीस दिवसांचा फरक. ऑक्टोबर हीटमध्ये आलेल्या दिवाळीची तुलना नोव्हेंबर मध्यावरच्या दिवाळीशी केली, तर एका वर्षात थंडी पळाली असे वाटणारच. तुलना करायची तर संक्रांतीची करावी, ती जानेवारीच्या १४-१५ तारखेलाच येते. येळवसही दिवाळीसारखीच मागे-पुढे होते.

गप्पांपुरते हे ठीक आहे. पण आपल्यातील काही जण गव्हाची मूठ पाडव्याच्या मुहूर्तावर धरतात, तेथे हा एकोणीस दिवसांचा फरक थेट पोत्यात दिसतो. पाडवा ऑक्टोबरात आला आणि तेव्हाच गहू पेरला, तर जमीन गरम असते, उगवण विरळ होते, फुटवे कमी येतात आणि ओंबी लवकर बाहेर पडते. म्हणून मुहूर्ताला औताची व बियाण्याची पूजा जरूर करावी, पेरणी मात्र तापमान पाहून करावी. हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल आणि पहाटेचे किमान तापमान यांची बेरीज करून निम्मे करावे. कमाल ३० आणि किमान १५ असेल तर साडेबावीस. हा आकडा चार-पाच दिवस सलग २२-२३ च्या आसपास राहिला, म्हणजे गव्हाला जमीन तयार झाली. आपल्याकडे बहुतेक वर्षी हे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घडते, आणि बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीची शिफारसही तीच आहे.

उशिराचे नुकसान तर आपणा सर्वांस परिचित आहे. १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. १० नोव्हेंबरला पेरलेला ११५ दिवसांचा त्र्यंबक मार्चच्या पहिल्या आठवड्यात पक्व होतो, त्याचा दाणा भरतो तो फेब्रुवारीच्या पूर्वार्धात. १० डिसेंबरला पेरलेला गहू, जरी उशिराचा वाण घेतला, तरी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत जातो आणि त्याच्या दाण्यात चीक असतानाच कमाल तापमान ३५ अंशांकडे झुकू लागते. तीस अंशांपुढे दाणा भरण्याचा काळच आखडतो. पीक हिरवे दिसते, ओंब्या मोठ्या दिसतात, आणि मळणीत दाणा बारीक निघतो. फेब्रुवारी २०२३ किंवा २०२५ सारखा महिना आला, तर वेळेवर पेरलेल्या गव्हालाही झळ बसते. उशिराच्या गव्हाला मग वाली राहत नाही.

येथे मी स्पष्ट बोलतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर आपल्याकडील पुष्कळ रानांत वापसाच उशिरा आला. दुधना आणि गोदावरी काठची भारी जमीन लवकर सुकत नाही. ऊस तुटून गेलेल्या रानाचीही हीच गत होते. अशा वेळी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर गव्हाचा आग्रह धरू नये. निफाड ३४ किंवा एकेएडब्ल्यू ४६२७ यांसारखे उशिराचे वाण आहेत, हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो बियाणे वापरून आणि ओळींतील अंतर १८ सेंटिमीटर ठेवून काही अंशी भरपाई होते हे खरे. तरी १५ डिसेंबरनंतरचा गहू घरच्या चपातीपुरता असेल तर पेरा, विक्रीसाठी पेरू नका. माझ्या वडिलांनी एकदा माझेच ऐकून उसाच्या खोडव्यानंतर डिसेंबरच्या अखेरीस दीड एकर गहू केला होता. तो गहू आम्ही वर्षभर खाल्ला, विकण्याची लाज वाटत होती.

पेरणी साधली तर पुढे दोन पाणी कधीही चुकवू नयेत. पहिले १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी. दुसरे दाणे भरताना. फेब्रुवारीत ऊन वाढल्याचे दिसताच हे पाणी हलके, आणि वारा पडलेला असताना द्यावे. वाऱ्यात दिले तर गहू लोळतो.

हरभरा, ज्वारी आणि केळी

हरभऱ्याला थंडी मानवते, पण तिलाही मर्यादा आहे. रात्रंदिवसाची सरासरी १५ अंशांच्या खाली गेली, की फुले गळतात, घाटे धरत नाहीत. नेमके याच वेळी दुकानातून टॉनिकच्या बाटल्या येतात. घाई करू नये. हरभरा फुलत राहणारे पीक आहे, थंडी ओसरली की नवीन फुले धरतात. हलके पाणी देण्याची सोय असेल तर थंडीच्या लाटेचा इशारा मिळताच संध्याकाळी द्यावे, कारण ओलसर जमिनीत दिवसाची ऊब अधिक साठते व रात्री ती हळूहळू बाहेर पडते. मात्र काळ्या रानात भरमसाट पाणी दिले तर हरभरा माजतो किंवा उधळतो, हे ध्यानात असू द्यावे.

रब्बी ज्वारीला पोटरीत असताना किंवा फुलोऱ्यात किमान तापमान सलग दहाच्या खाली राहिले, तर परागकण अशक्त राहतात व कणसात दाणे विरळ भरतात. यावर फवारणीचा इलाज नाही. पेरणी १५ ऑक्टोबरपूर्वी आटोपणे आणि परभणी मोती, परभणी सुपर मोती यांसारखे रब्बीसाठीच काढलेले वाण घेणे, एवढेच आपल्या हाती आहे.

केळीचे मात्र हाती बरेच आहे. किमान तापमान १२ अंशांच्या खाली गेले की केळीची वाढ मंदावते, दहाच्या खाली पाने येणे जवळजवळ थांबते. थंडीच्या लाटेत बागेला रात्री किंवा पहाटे विहिरीचे पाणी द्यावे, ते हवेपेक्षा उबदार असते. उत्तर आणि पश्चिम बाजूस शेवरीची दाट ओळ असावी. घड कोरड्या पानांनी किंवा पॉलिथिनच्या पिशवीने झाकावेत. काडीकचऱ्याचा धूर करण्याची शिफारस जुनी आहे. वारा अगदी पडलेला असेल तर तिचा थोडा उपयोग होतो, पण मी तिचा फार आग्रह धरीत नाही. धुरासाठी सोयाबीनचे भुसकट जाळण्यापेक्षा तेच बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे. आणि नवीन लागवड करताना नाल्याकाठची खोल जागा टाळावी.

इशारा कधी समजावा?

सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेले असेल, किंवा सरळ ४ अंश वा त्याखाली गेले असेल, तर हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. विद्यापीठातील ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते, तीत पुढील दिवसांचे किमान तापमान दिलेले असते. महसूल मंडळात महावेधचे स्वयंचलित केंद्रही आहे. यांचा उपयोग करावा. परंतु या सर्वांपेक्षा जवळचा आकडा तुमच्या रानातला असतो.

म्हणून मंडळाने एक किमान-कमाल तापमापक घ्यावा, ही माझी सूचना आहे. तो पत्र्याच्या छपराखाली किंवा भिंतीला टांगू नये, तेथे भिंतीचीच ऊब मोजली जाते. उघड्या रानात, चार फुटांवर, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा लाकडी खोक्यात ठेवावा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच लिहावे, वेगळी वही हरवते. शेजारी त्या दिवशी काय पेरले, कोणते पीक फुलोऱ्यात आले, हेही दोन शब्दांत लिहावे.

केळीवाल्या त्या काकांनी २०१९ मध्ये असा तापमापक नाल्याकाठी लावला. थंडीत रोज सकाळी साडेसात वाजता त्यांचा आकडा मला फोनवर येतो. निरभ्र रात्री तो विद्यापीठाच्या आकड्यापेक्षा कधी दीड, कधी दोन अंशांनी कमी असतो, ढगाळ रात्री दोन्ही सारखेच निघतात. पत्रिकेत ७ अंश दिसले की ते ५ धरून चालतात आणि संध्याकाळीच मोटार सुरू करतात. केळी त्यांनी माळाकडच्या रानात नेली आहे. नाल्याकाठी आता हरभरा असतो.

आता आपले प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.